राजीअक्का आणि व्हरांड्यातली खाट

राजीअक्का स्टुलावर चढली होती. दातांत दोन खिळे, हातात हातोडी, खांद्यावर हिरवा पडदा. पडदा कसला, घोंगडीसारखा जड. स्टूल डुगडुगत होतं. खाली वॉर्डातली आया उभी होती. तिनं स्टूल धरायचं, तर ती पदर तोंडाला लावून हसत होती. अक्कानं पहिला खिळा ठोकला तसा गिलाव्याचा टवका उडाला तो थेट आयाच्या डोक्यावर. मग हसणं थांबलं.

"अम्मा, सरकारी भिंत आहे ही," आया म्हणाली. "खिळा मारायलासुद्धा वरून कागद लागतो."

अक्का उरलेला खिळा न काढता दातांतल्या दातांत काहीतरी बोलली. काय ते आयाला कळलं नाही, तेच बरं झालं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. बेंगळूरातलं एक मोठं सरकारी इस्पितळ, नाव कशाला घ्या. पहिल्या मजल्यावर उजवीकडं पुरुषांचा वॉर्ड, डावीकडं बायकांचा, मधे लांब व्हरांडा. त्या व्हरांड्यात अक्कानं स्टोअरमधली एक लोखंडी खाट स्वतः ओढत आणली होती. एका बाजूला भिंत आणि बाकी तिन्ही बाजूंनी पडदा, असा तिचा बेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाटेवर जमनाबाई येणार होती. आणि जमनाबाईला अक्कानं शब्द दिला होता, की तुम्हाला तिथं कुणी बघायला येणार नाही.

त्या शब्दापायी अक्का महिनाभर मोठ्या साहेबांच्या दाराबाहेर बसली होती. नोकरीला जावं तशी रोज.

आता अक्का कोण ते सांगायला पाहिजे. अक्का म्हणजे राजलक्ष्मी. बेंगळूरच्याच शिवाजीनगरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिच्या थोरल्या भावाचं, फत्तेसिंगचं, स्टोव्ह आणि कुकर दुरुस्तीचं दुकान. मराठा घराणं. राजांच्या फौजेबरोबर इकडं आलो आणि परत जायचं राहूनच गेलं, असं फत्तेसिंगअण्णा कुकरची शिट्टी साफ करता करता गिऱ्हाइकाला सांगायचा. घरी मराठी, पण तिच्यात निम्मं कन्नड कालवलेलं. भात 'स्वल्प' वाढायचा, आणि कुणी काही सांगितलं की 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणायचं. लोक हसायचे. हसू देत.

अक्काचं लग्न हुबळीला झालं होतं. आठ-नऊ वर्षं मूल नाही. तेवढ्या वर्षांत तिला किती डॉक्टरांनी तपासलं याचा हिशेब नाही. नळ्या घातल्या, भुलीचं औषध दिलं, पोटावर भोक पाडून आत दुर्बिणीनं बघितलं. एका डॉक्टरनं सहज म्हटलं, एकदा यजमानांनाही तपासू. तर सासू म्हणाली, गाय वांझ आहे, बैलाला कशाला दाखवता? डॉक्टर हसला आणि त्यानं पुन्हा विषय काढला नाही. अक्काच्या मनात सासूचं बोलणं राहिलं नाही, डॉक्टरचं हसणं राहिलं. एक दिवस एक ट्रंक घेऊन ती हुबळीहून निघाली ती शिवाजीनगरात. फत्तेसिंगअण्णानं एका शब्दानं विचारलं नाही. दुकानाच्या माळ्यावरचे स्टोव्हचे सांगाडे एका बाजूला सारले आणि तिला जागा करून दिली. अण्णा बोलायला फटकळ, पण असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

पुढं तिनं संध्याकाळच्या कॉलेजात बी. ए. केलं आणि प्राणेशसरांच्या संस्थेत लागली. प्राणेशसर डॉक्टर होते पण सुई टोचणारे नव्हेत, कागदावरचे. इस्पितळात बाईला कसं वागवतात, पुरुषाला कसं, गरिबाला कसं, आणि यांतल्या कुठल्याच खान्यात न बसणाऱ्याला कसं, याचा ते अभ्यास करत होते. त्याला इंग्रजीत भलं लांब नाव होतं. अक्का नुसतं 'माझं विचारायचं काम' म्हणायची. तिला घेतली ती भाषांसाठी. कन्नड, तमिळ, दखनी, मराठी, सगळं तिला येत होतं. शिवाजीनगरात लहानाचं मोठं झालेल्याला ते येतंच, त्यात शाळेचा काही संबंध नाही.

सरांनी प्रश्नांचे छापील कागद दिले होते. तुम्ही समाधानी आहात का, फार आहात की थोडे आहात. अक्कानं पहिल्या आठवड्यात ते विचारून बघितले. सगळ्या बायका एकजात 'चांगलं आहे, चांगलं आहे' म्हणाल्या. सरकारी माणूस समजून घाबरल्या असणार. मग अक्कानं कागद पिशवीत घातला आणि एकच विचारायला लागली. तुम्ही दवाखान्यात गेलात तेव्हा कुठं बसलात?

आणि बायका बोलायला लागल्या. यशवंतपूरच्या मार्केटात कांदे निवडणारी एक बाई सांगत होती, बाकावर सगळ्या बायांचे नवरे बसलेले, म्हणून आम्ही खाली फरशीवर, नववा महिना होता. दुसरी म्हणाली, मी बसले खुर्चीवर, पण डॉक्टर बोलले माझ्या दिराशी. कुठं बसलात एवढ्यातून सगळं बाहेर यायचं. ही अक्काची रीत. प्राणेशसरही मान डोलवायचे, म्हणायचे, राजलक्ष्मी, हे कुठं शिकलात? अक्का म्हणायची, हुबळीला.

हेच विचारत ती हमामात शिरली.

शिवाजीनगरच्या गल्ल्यांत तेव्हा हिजड्यांचे हमाम होते. पहाटेपासून मोठ्या तांब्याच्या हंड्याखाली भुसा आणि लाकडं पेटवायची, हमाल, भाजीवाले, रिक्षावाले यायचे, पैसे टाकून गरम पाण्यानं अंघोळ करून जायचे. दुसरे धंदेही चालायचे, ते कुणाला माहीत नव्हते अशातला भाग नाही. यांतल्या एका हमामाची मालकीण जमनाबाई. साठीच्या पुढची, मिरजेकडून कधीकाळी आलेली, आडव्या बांध्याची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती स्वतःला हिजडाच म्हणायची, दुसरं काही गोडगोड म्हटलेलं तिला खपायचं नाही. तिच्या हाताखाली चेल्या होत्या, त्यातली रम्या सगळ्यात जवळची. रम्या तामिळनाडूतली, काटकुळी, जिभेला हाड नसलेली.

दुपारी हमाम बंद असताना अक्का गेली. दारात रम्या आडवी आली. समाजसेवेवाली का, रक्त घ्यायला आलीस का, आधीच्या बाईनं आमची कथा नेली आणि परत तोंड दाखवलं नाही, असं बरंच बोलली. अक्का वळता वळता मराठीत पुटपुटली, देवा, उन्हाची एवढी आले, पाणी तरी विचार बाई. आतून आवाज आला.

"कोण गं ती? मराठी बोलतीय का इडली वाफवतीय?"

अक्कानं आत डोकावून सांगितलं, की आमचं घराणं इथलंच, साडेतीनशे वर्षं झाली इकडं येऊन.

"आणि अजून धड मराठी येईना होय," जमनाबाई म्हणाली. "ये, बस. रम्ये, पाणी दे तिला. आपल्याकडची आहे, बिघडलेली."

तेव्हापासून अक्काचं तिथं येणंजाणं झालं. हंड्याजवळ बसायचं, कढत ऊब अंगाला लागायची, जमनाबाई सुपारी कातरायची. पण अक्कानं तिचा प्रश्न विचारला तेव्हा जमनाबाईचा अडकित्ता थांबला.

बसले कुठं, असं जमनाबाई म्हणाली. पुरुषांच्या रांगेत गेले, त्यांनी ढकललं. बायकांच्या रांगेत गेले, तिथल्या शिपायानं काठीनं बाहेर काढलं. फार वर्षांपूर्वीची गोष्ट, जांघेत गळू झालं होतं. शेवटी एका डॉक्टरनं आत घेतलं, तर त्यानं शिकणारी पोरं बोलावली. साडी वर करायला लावली. पोरं एवढी, की मागची स्टुलावर चढून बघत होती. गळवाकडं कुणी बघतच नव्हतं. जमनाबाई तशीच उठली, साडी खाली केली आणि चालत घरी आली. गळू रम्याच्या आधीच्या एका चेलीनं ब्लेडनं फोडलं. त्यानंतर जमनाबाई कधी दवाखान्याची पायरी चढली नाही.

आणि आता तिला चढायची वेळ आली होती. लघवी अडत होती. तरुणपणी हिजडा होताना दाईच्या हातून कापून घेतलं होतं, तिथली लघवीची वाट आता आत आत मिटत चालली होती. तासन् तास बसायची, थेंब थेंब. चेहरा सुजायचा, ताप भरायचा. रम्यानं अक्काला बाजूला घेऊन सांगितलं, की रात्री ओरडते, आम्ही कानात बोटं घालतो. डॉक्टर म्हटलं की अडकित्ता फेकून मारते.

अक्कानं तिला समजावलं. रागावून, गोडीनं, मिरजेच्या देवांची शपथ घालून. जमनाबाईचं एकच. मरेन, पण पुन्हा कुणाला तमाशा दाखवणार नाही.

"कुणी बघणार नाही," अक्का म्हणाली. "माझा शब्द आहे, जमनाबाई. तुम्हाला वाचवायला जेवढ्यांनी बघायला पाहिजे तेवढेच बघतील. बाकी एक माणूस आत येणार नाही."

जमनाबाईनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग म्हणाली, "मराठ्याचा शब्द आहे का इडलीवाल्याचा?"

झालं, अक्का लागली मागं. इस्पितळाचे मोठे साहेब माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर भांडून मोकळं होता आलं असतं. ते म्हणाले, पुरुषांच्या वॉर्डात ठेवतो. अक्का म्हणाली, ती बाई आहे, रात्री तिथं तिचं काय होईल? ते म्हणाले, मग बायकांच्या वॉर्डात कसं ठेवू? तिथल्या बायका बोंब मारतील, नवरे येऊन काचा फोडतील, पेपरात येईल. अक्कालाही ते पटलं. तिनं शिवाजीनगर बघितलं होतं. हिजडा दिसला की बायका पोरांना पदराखाली घेतात हे तिला माहीत होतं. त्यामुळं तिथं ती भांडली नाही. ती भांडली ती खाटेसाठी. व्हरांड्यात फरशीवर नाही, खाटेवर. आणि पडदा. आणि शिकाऊ पोरांना बंदी. आणि विचारल्याशिवाय आया, शिपाई, कुणीसुद्धा आत जायचं नाही. प्राणेशसरांनी इंग्रजीत अर्ज लिहून दिला. साहेबांनी शेवटी कंटाळून सही केली आणि म्हणाले, सरी अम्मा, पण जबाबदारी तुमची.

पडदा अक्कानं रसेल मार्केटजवळून आणला. तार आणि खिळे फत्तेसिंगअण्णानं दिले. देताना म्हणाला, "आपल्या वाडवडलांनी तलवारी धरल्या. तू पडदे धर." पण तार चांगली जाडी निवडून दिली.

जमनाबाई आली ती रिक्षातनं, नवी साडी नेसून, लग्नाला आल्यासारखी. रम्या आणि बाकीच्या फाटकापाशीच अडल्या. पेशंटबरोबर एकच बाईमाणूस, असा नियम, आणि शिपायाच्या हिशेबात त्या बाईमाणूस नव्हत्या. अक्कानं त्याच्याशीही वाद घातला, पण त्या दिवशी तिला जिने चढून वर जायची घाई होती. नातं काय म्हणून काउंटरवर विचारलं तेव्हा तिनं 'बहीण' सांगितलं. क्लार्कनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि लिहून घेतलं.

पडद्याच्या आत गेल्यावर जमनाबाईनं कापड दोन बोटांत धरून बघितलं.

"चांगलं आहे गं," ती म्हणाली. "राणीला असतो तसा."

अक्काला त्या वेळी फार बरं वाटलं. इतकं बरं तिला आयुष्यात कमी वेळा वाटलं असेल.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. म्हातारा डॉक्टर होता, शहाणा, कामापुरतं बघणारा. वाट मोकळी केली, नळी घातली, पिशवी लावली. लघवी आली तेव्हा जमनाबाई लहान पोरासारखी हसली म्हणे. अक्का ती रात्र आणि पुढचा दिवस पडद्याबाहेर स्टूल टाकून बसली. एक शिकाऊ डॉक्टर मित्राला घेऊन आला, त्याला तिनं असा फैलावर घेतला की तो खालच्या मजल्यावर गेला. झाडूवाली आली, तिलाही आधी विचारायला लावलं. नर्सनं ब्लडप्रेशर घ्यायला आत शिरताना आवाज दिला नाही, म्हणून तिच्याशीही कडाक्याचं झालं. नर्स म्हणाली, अम्मा, माझ्या गळ्यात दोन वॉर्ड आहेत, प्रत्येक वेळी कौल लावत बसू का? अक्का म्हणाली, हो, लावा. दुसऱ्या दिवसापासून नर्स पडद्याबाहेरूनच विचारायला लागली. बरं आहे का? आतून 'हं' आलं की पुढं जायची. अक्काला वाटलं, शिकली.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी अक्काला जावं लागलं. दिल्लीहून पैसे देणाऱ्या संस्थेचे लोक आले होते. प्राणेशसरांनी निरोप धाडला होता, की राजलक्ष्मी, तुम्ही नसाल तर मी काय दाखवू? ती जमनाबाईला सांगून निघाली. जमनाबाईनं येताना पान आणायला सांगितलं, आणि म्हणाली, चुना कमी, इथले लोक भिंतीला लावतात तेवढा लावतात.

ऑफिसात पंखे फिरत होते, चहा-बिस्किटं होती. सरांनी व्हरांड्यातल्या खाटेची गोष्ट अक्काकडून सांगवली. दिल्लीची एक बाई डोळे पुसत होती. पडद्याचा फोटो घ्यायला पाहिजे, असं कुणीतरी म्हणालं. अक्का म्हणाली, फोटो नाही, शब्द दिलाय. सगळे तिच्याकडं कौतुकानं बघायला लागले. खोटं कशाला बोला, तिला ते आवडलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारण्यात गेली, आज कुणी तिला विचारत होतं.

परत यायला संध्याकाळ झाली. भेटायची वेळ होती, दोन्ही वॉर्डांत माणसांची ये-जा. फाटकाशी रम्या बसलेली, तिनं विचारलं कशी आहे, अक्का म्हणाली बघून सांगते. पान हातात घेऊन ती वर गेली. पडदा तिन्ही बाजूंनी नीट ओढलेला. तिनं बाहेरून हाक मारली.

"जमनाबाई, येऊ का?"

आतून काही आलं नाही. झोप लागली असेल. इतक्या दिवसांनी दुखायचं थांबलंय, झोपू दे. अक्कानं स्टूल ओढलं आणि बाहेर बसली. येणारी-जाणारी माणसं पडद्याकडं मान वळवून बघत होती, तसतशी ती त्यांच्याकडं डोळे वटारत होती. नर्स आली, तिलाही तोंडावर बोट ठेवून खूण केली. नर्स मान हलवून गेली. किती वेळ ती अशी राखण करत बसली कुणास ठाऊक. मग पान हातातून निसटून खाली पडलं. उचलायला वाकली तर पडद्याची खालची कड दिसली. हिरव्या कापडाची कड काळी झाली होती, ओली, फरशीला चिकटलेली.

जमनाबाई गार पडली होती. आतून टाका सुटला होता, रक्त ब्लँकेटखालच्या गादीत मुरत राहिलं होतं. म्हातारा डॉक्टर पळत आला, बघितलं, आणि ब्लँकेट परत वर ओढलं. दुपारनंतर केव्हातरी, एवढंच म्हणाला. वेळेवर कुणी ब्लँकेट उचललं असतं तर बाटल्या चढवून, परत टाका घालून बाई वाचली असती. हे तो अक्काला बोलला नाही, नर्सला बोलला, पण अक्का तिथंच उभी होती. नर्स रडकुंडीला आली होती. जेवणानंतर विचारलं तेव्हा 'हं' म्हणाली होती, असं ती परत परत सांगत होती. चहाच्या वेळी 'हं' आलं नाही, मला वाटलं झोपली. बाकी कुठल्याही खाटेवर पेशंट पिवळा पडताना वॉर्डच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. शेजारचा पेशंट ओरडतो. इथं शेजार नव्हता.

कागदावर 'बहीण' लिहिलेलं होतं म्हणून प्रेत अक्काच्या ताब्यात दिलं. तिनं खाली आणून रम्याच्या ताब्यात दिलं. फाटकाबाहेर सगळ्या चेल्या टाळ्या न वाजवता, आवाज न करता उभ्या होत्या. रम्यानं जमनाबाईच्या अंगावरची चादर चहूबाजूंनी खोचली. गाडी सुटताना म्हणाली,

"अक्का, शब्द पाळलास तू. कुणी बघितलं नाही."

टोचून बोलली की मनापासून, ते अक्काला कळलं नाही. विचारायला ती पुन्हा हमामाकडं गेलीही नाही. त्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायची आणि बाजारातून काही आणायचं असल्यासारखी वळायची.

प्राणेशसरांचं आणि तिचं त्यानंतर बिनसलं. सर म्हणत होते, चूक पडद्याची नाही, एका नर्सवर दोन वॉर्ड टाकणाऱ्यांची आहे, आणि आपण तेच लिहू. त्यात खोटं काही नव्हतं. अक्काचं म्हणणं, तेही लिहा आणि हेही लिहा, की पडदा मी लावला आणि नर्सला बाहेर मी उभी केली. सर म्हणाले, असं लिहिलं तर उद्या कुठलंच इस्पितळ कुणाला आडोसा देणार नाही, आणि बोट दाखवतील आपल्याकडं. शेवटी पुस्तक छापून आलं. त्यात व्हरांड्यातली खाट होती, पडदा होता, शिकाऊ पोरांना केलेली बंदी होती. जमनाबाई पेशंट म्हणून होती, मेलेली म्हणून नव्हती. अक्कानं ते उघडून बघितलं, मिटलं, आणि नोकरी सोडली.

आता ती दुकानात बसते. पिना, वायसर, बर्नर विकते. बायका स्टोव्ह घेऊन येतात, ती भडका का उडतो ते सांगते, जास्त बोलत नाही. कुठं बसलात, असं कुणाला विचारत नाही. फत्तेसिंगअण्णा तलवारीचा विषय काढत नाही. गल्लीत काही शहाणे आहेत, हिजड्यांच्या नादी लागून एकीला मारून बसली, असं बोलणारे. त्यांची थोबाडं एकदा फोडून झालीत, पुन्हा बोलले तर पुन्हा फुटतील. जमनाबाईला माणूस म्हणून इस्पितळात नेणारी तिच्या साठ वर्षांत एकच बाई निघाली, आणि ती ही.

आता एकच सांगायचं राहिलं. हे पुढं दोन वर्षांनी कळलं. अक्काला कुणी सांगितलेलं नाही आणि कुणी सांगूही नये. टॅनरी रोडची एक बाई कुकर घेऊन दुकानात आली होती, अक्का तेव्हा माळ्यावर झोपली होती, खाली अण्णा होता. बोलता बोलता इस्पितळाचा विषय निघाला. ही बाई त्याच आठवड्यात तिथं बायकांच्या वॉर्डात होती, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. ती म्हणाली, पहिल्याच संध्याकाळी आम्हा बायकांत बोलणं झालं, की हिजडा असली म्हणून काय झालं, ती बाहेर वाऱ्यात एकटी का पडलीय, आत घ्या तिला. जागा नव्हती तर आम्ही दोघी एका खाटेवर झोपायला तयार होतो. सगळ्या वॉर्डानं मिळून नर्सला सांगितलं. नर्स म्हणाली, तिच्या बहिणीची सक्त ताकीद आहे, तिच्याजवळ कुणी जायचं नाही.